जगावेगळ्या नावाचा माग कसा काढायचा

मुंबईत चाळीचा पुनर्विकास निघाला की घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडतात. भाडेपावत्या, शिधापत्रिका, गिरणीतली ओळखपत्रं बाहेर येतात आणि त्यांत एखादं असं नाव सापडतं की नातवंडं एकमेकांकडे बघत राहतात: धोंडाबाई, केरू, सुपडू, सटवाजी, हैबती. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. असं नाव का ठेवलं असेल? मग कुणीतरी फोन काढून शोधतं, 'शुभ आणि तेजस्वी' असं काहीतरी उत्तर मिळतं आणि शोध तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये म्हणून हा लेख. नावाचा अर्थ शब्दकोशात असतो तेवढाच घरात, गावात आणि पंचांगातही असतो. म्हणून शोधाचा क्रमही तसाच ठेवायचा: आधी कागद, मग माणसं, मग दिवस आणि दैवत, आणि कोश सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि फसतात.

पहिलं काम: देवनागरी अक्षर पक्कं करणं

इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नावाचा अर्थ लावायला जाऊ नका. रोमन लिपीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण सारखेच दिसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नसतो. पासपोर्टवरचं 'Tani' मुळात तानी असू शकतं, ताणीही असू शकतं. म्हणून देवनागरीतला जुन्यात जुना कागद शोधा. शाळा सोडल्याचा दाखला, सात-बारा, लग्नपत्रिका, देव्हाऱ्यातल्या पोथीच्या पहिल्या पानावरची सही, यातलं काहीही चालेल.

शाळेच्या दाखल्याबाबत मात्र सावध राहा. गुरुजींनी नावं 'सुधारून' लिहिण्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. घरचा धोंडू शाळेत धोंडिराम झाला, बाळूचा बाळकृष्ण झाला. आणि जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा आईने सांगितलेली नसून गुरुजींनी शाळाप्रवेशाच्या सोयीने टाकलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जन्म मुंबईतला असेल तर पालिकेच्या जन्मनोंदणीत बघा. इथे एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. नोंद राहत्या घराच्या विभागात होत नाही, जन्म जिथे झाला त्या विभागात होते. भांडुपला राहणाऱ्या बाईचं बाळंतपण परळच्या केईएममध्ये झालं असेल, तर नोंद एफ-दक्षिण विभागात. जुन्या नोंदींत नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. तरी आईवडिलांची नावं मिळतात आणि खरी जन्मतारीखही मिळते.

मग शेपूट वेगळं करा

जी, बा, राव, पंत, बाई, आई ही आदराची शेपटं, आणि ऊ, या, ई ही लाडाची. ती काढली की गाभा उरतो. सटवाजीतून सटवाई निघते, पिराजीतून पीर, चोखोबातून चोखा म्हणजे शुद्ध, निर्मळ. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हे शेपूट वारंवार दिसतं. तेही आदराचंच, चेहऱ्यावरच्या नाकाशी त्याचा काही संबंध नाही.

बायकांच्या नावांत शेपटाआधीच गाभा घासून गेलेला असतो. रुक्मिणीची रखुमाई झाली आणि रखुमाईची रखमा. मुंबईत जन्मलेल्या, नवऱ्याच्या घरी नांदायला नकार देऊन न्यायालयात उभ्या राहिलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई (१८६४–१९५५) यांच्या नावात विठ्ठलाची बायको आहे. द्रौपदीची दुर्पदा होते, अनसूयेची अनशी, भागीरथीची भागू. मोठ्याने, भरभर, स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखं नाव उच्चारून बघा. मूळ शब्द कसा झिजला ते जिभेला लगेच कळतं.

आता खरी अडचण. पुष्कळदा हाती आलेलं नाव हे नावच नसतं. नाना, अण्णा, तात्या, बापू, भाऊ, दाजी ही घरातली संबोधनं. भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेलं संग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते भाऊ दाजी लाड घ्या. 'भाऊ' हे त्यांचं घरातलं नाव, 'दाजी' हे वडिलांचं. पाळण्यातलं नाव रामकृष्ण आणि वडिलांचं विठ्ठल. 'बाळ' गंगाधर टिळकांचंही तसंच, मूळ नाव केशव. तेव्हा 'तात्या' शब्दाची व्युत्पत्ती शोधत बसण्याआधी तात्यांचं नाव काय होतं ते विचारा.

आजी-पणजीच्या बाबतीत याच्या दुप्पट काम असतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं जाई आणि माहेरचं नाव मागे पडे. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. आपण तिला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. सासरच्या नावाचा अर्थ काढलात तर तुम्हाला फार तर नवऱ्याची आवड कळेल. जन्माशी संबंध माहेरच्या नावाचा. मामाकडे विचारा.

कुणाला विचारायचं

आत्याला. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान तिचा, त्यामुळे नाव कुणी सुचवलं, कुणी नाक मुरडलं, आधी काय ठरलं होतं हे तिला पाठ असतं. आत्या नसेल तर गावाकडची सगळ्यांत म्हातारी बाई. विचारताना 'नावाचा अर्थ काय?' असं विचारू नका, 'मला काय माहीत बाबा' एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा: याच्या आधी किती भावंडं झाली होती? त्यांतली किती जगली? बाळ झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? नवस कुणाला केला होता? उत्तरं लिहून ठेवा किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करा. पत्रिका असेल तर तीही मागून घ्या. जन्मनाव नक्षत्राच्या चरणाच्या अक्षरावरून पडतं, आणि आर्द्रा नक्षत्राच्या वाट्याला कु, घ, ङ, छ अशी अक्षरं येतात, हस्ताला ष, ण, ठ. घ किंवा ठ वरून सुरू होणारं चमत्कारिक नाव दिसलं की आधी पत्रिका उलगडावी.

दगड, केर, भीक: मुद्दाम ठेवलेली हलकी नावं

भावंडांचा प्रश्न पहिला का, ते आता. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, भिकाजी, सुपडू, नथू या नावांना आज मुलं हसतात. हसू नये. ही सगळी भीतीतून आलेली नावं आहेत. एकामागून एक मुलं दगावत, देवी आणि पटकीच्या साथी येत, तेव्हा घरात जन्मलेल्या नव्या बाळाकडे यमाचं किंवा कुणाच्या दृष्टीचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याला टाकाऊ वस्तूचं नाव देत. केराला कोण नेणार? दगडाला कसली नजर लागणार?

नुसतं नाव देऊन भागत नसे, सोबत कृतीही असे. बाळ सुपात घालून दुसरीच्या ओटीत द्यायचं आणि धान्य देऊन परत 'विकत' घ्यायचं, म्हणजे ते आपलं नव्हेच. खानदेशातला सुपडू त्यातून आला. भीक मागून आणलेला तो भिकाजी. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे मुलगी समजून संकट पुढे जाईल, तो नथू. अर्थ विचाराल तर 'नथवाला', पण त्या नथीमागे आधीची गेलेली मुलं आहेत, आणि माझ्या मते नावाचा खरा अर्थ तोच.

अशी नावं फक्त गरिबांघरी असत हा गैरसमजही काढून टाका. एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांना सगळे केरूनाना म्हणत, त्यांचं मूळ नाव विनायक. महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो. कवी दया पवार यांचं मूळ नाव दगडू. ब्राह्मणवाडा असो की महारवाडा, मूल जगावं ही धास्ती दोन्हीकडे होती.

मुलींच्या एका नावाला मात्र ही सहानुभूती लागू करू नका. नकुशी, नकोसा ही नावं नजर चुकवण्यासाठी नव्हती. आणखी एक मुलगी झाली, आता पुरे, असं देवाला आणि गावाला सांगणारी ती नावं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एका कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. कागदांत नकुशी सापडली तर तिच्या आधी किती मुली होत्या ते मोजा, उत्तर मिळेल.

दिवस आणि महिना तपासा

धोंडूचा आणखी एक उगम आहे, आणि नवखे इथेच चुकतात. अधिक मासाला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला धोंडे खायला बोलावतात तो. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचंही नाव धोंडू, धोंडिबा ठेवत. मग तुमच्या घरचा धोंडू दगड की महिना? पंचांग उघडा. अधिक मास साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २००४ सालीही श्रावणच. एकोणीस वर्षांनी गणित बहुतेक तिथेच येतं, त्यामुळे मागे मोजत जाता येतं. जन्म त्या महिन्यात बसला तर महिना, नाहीतर आत्याने सांगितलेली भावंडांची गोष्ट. अर्थात दाखल्यावरची १ जून धरून हे गणित मांडू नका.

वाराची नावं सोपी. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत आजही ऐकू येतात. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत तेच पोर्तुगीज वेषात आहे: डुमिंग म्हणजे रविवार, पास्कोल म्हणजे ईस्टरचा, नाताल म्हणजे नाताळचा. वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्याचा हा अवशेष.

सणाचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण जोतीराव फुल्यांचं. जन्म ११ एप्रिल १८२७, त्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती, म्हणजे जोतिबाची जत्रा. नाव तिथूनच आलं असं सांगतात.

गाव कुठलं, देव कुठला

मुंबईकर म्हणून आपण सगळे 'मुंबईचेच', पण नाव मुंबईचं नसतं. लालबाग-परळच्या एकाच मजल्यावर सिंधुदुर्गचा रवळू, कोल्हापूरचा जोती, जेजुरीकडचा खंडू आणि सांगलीचा बिरू नांदत. रवळनाथ, जोतिबा, खंडोबा, बिरोबा हे त्यांचे धनी. म्हसू म्हणजे म्हसोबा. मच्छिंद्र, जालिंदर, कानिफ, गहिनी ही नवनाथांची नावं. ती घरात असतील तर नाथपंथाचा धागा शोधा. सटवाजी आणि सटवा यांच्यामागे सटवाई आहे, पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाणारी. म्हणून कुलदैवत आणि ग्रामदैवत दोन्ही विचारून घ्या. गाव माहीत नसेल तर आडनाव मदत करतं, पण ते वेगळं प्रकरण.

भाषा कुठली, याची घाई करू नका

मराठी नाव म्हणजे संस्कृत नाव, हे गृहीत धरलं की निम्मे दरवाजे बंद होतात. हैबतराव यातलं हैबत अरबीतून फारसीमार्गे आलं, अर्थ दरारा. सर्जेराव यातला सर्जा फारसीतल्या 'शर्जा'चा, उग्र, वाघासिंहासारखा. दौलत, गुलाब, साहेबराव तर उघडच आहेत. शहाजी आणि शरीफजी या भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसातून आली अशी परंपरा आहे. ज्यांना हे खटकतं त्यांनी आपल्या घरातल्या 'सरदार' आणि 'जमादार' या शब्दांकडेही एकदा बघावं.

मुंबईत तर याहून गंमत. मांडवीतल्या १७९६ सालच्या शार हारहमीम या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाचे, संस्थापक सामाजी हसाजी दिवेकर. कानाला चोख मराठी नाव, आणि मूळ सॅम्युअल इझिकेल. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत हिब्रू नावांना आपलं 'जी' लागलं. पारशी नावांची मुळं अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथापर्यंत जातात: होर्मसजीत अहुर मज्द हा त्यांचा देव आहे, खोर्शेदमध्ये सूर्य. त्यांचा शोध घ्यायचा तर फोर्टातली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट (स्थापना १९१६) ही योग्य जागा.

एकच नाव दोन वाटांनीही येतं. मिलिंद म्हणजे संस्कृतमध्ये भुंगा, तो कवितेतून मध्यमवर्गीय घरांत आला. आणि मिलिंद हेच मिनँडर या ग्रीक राजाचं पाली रूप, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. १९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, सुजाता, संघमित्रा यांच्याबरोबर हा मिलिंद बौद्ध घरांत रुजला. दादरच्या एका मिलिंदचं नाव भुंग्याचं आणि नायगावच्या दुसऱ्याचं राजाचं, असं सहज असू शकतं. कोश दोन्ही अर्थ देईल, निवाडा घरच करील.

आता कोश

मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. संस्कृतसाठी आपटे आणि मोनिअर-विल्यम्स, फारसीसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश, पुराणातल्या व्यक्तींसाठी चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश. छापील प्रती बघायच्या तर दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) किंवा टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. जाण्याआधी वेळ आणि सभासदत्वाचे नियम फोन करून विचारा, नाहीतर पायऱ्या चढून हात हलवत परत यावं लागतं.

कोशात नाव नव्हे, गाभा शोधायचा. 'सुपडू' मिळणार नाही, 'सूप' मिळेल.

आणि नव्या नावांचे सापळे

जुन्या नावांचा शोध निदान घरात संपतो. आजकालच्या नावांचा संकेतस्थळांवर भरकटतो, कारण तिथे अर्थ शोधलेले नसतात, रचलेले असतात. 'आरव' म्हणजे शांत, असं तुम्ही वाचलं असेल. आपट्यांचा कोश उघडा: आरव म्हणजे आवाज, ओरडा. बाळ पहाटे तीनला उठलं की कोण बरोबर ते कळतंच. 'अनया' हे गोड वाटतं, पण अनय म्हणजे अनीती, आणि अनया हे सर्वनामाचं तृतीयेचं रूपही आहे, 'हिने'. 'रेयांश'चा 'सूर्याचा किरण' हा अर्थ संस्कृतातून कसा येतो ते कोश सांगत नाही. तिथला 'रे' इंग्रजी किरणाचा असावा अशी मला दाट शंका आहे.

'कियारा' संस्कृत नाहीच. आयर्लंडमध्ये त्याच्या जवळचं नाव 'काळी' या अर्थाचं आहे, इटलीत 'उजळ' या अर्थाचं. 'मायरा' हे फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने घडवलेलं मानतात, तर राजस्थानात मायरा म्हणजे लग्नात मामाने आणलेला आहेर. दोन्ही अर्थ वाईट नाहीत, फक्त 'देवी लक्ष्मीचं नाव' म्हणून पत्रिकेवर छापू नका. उलट 'अर्णव' म्हणजे समुद्र, 'इरा' म्हणजे पृथ्वी किंवा वाणी, ही नावं तपासून खरी उतरतात.

नवं नाव ठेवताना माझा निकष साधा: अर्थ दोन कोशांत सापडला पाहिजे, किंवा मग 'आम्हाला आवडलं म्हणून' असं मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे. अधलंमधलं नको. नाव देवनागरीत लिहून बघा, आजोबांकडून हाक मारून घ्या, आणि लोकलच्या गर्दीत ओरडायची वेळ आली तर ऐकू जाईल का तेही बघा.

ठरलं की नोंदीचं काम रेंगाळू देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव तेव्हा ठरलं नसेल तर ते पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, तेव्हा नावाचा रकाना कोरा सोडणं आता परवडत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं स्वतः लिहा आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीपाशीच उभं राहून वाचा. एकदा चुकीचं नाव पुढच्या कागदांवर उतरलं की राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं. त्याचा अर्ज आता घरबसल्या ऑनलाइन करता येतो.